ग्रीसच्या बेटांवर बोटीने जायचंय? आधी वारा समजून घ्या, मग तिकीट काढा

अथेन्सहून परतीचं विमान रविवारी रात्री. नॅक्सोस बेटावरून पिरेअस बंदराकडे जाणारी बोट रविवारी सकाळी. बोटीला साधारण साडेपाच तास लागतात, म्हणजे दुपारी बंदरात आणि संध्याकाळी विमानतळावर. कागदावर हा हिशेब चोख बसतो. पण शनिवारी मोबाईलवर मेसेज येतो : जोरदार वाऱ्यामुळे उद्याची बोट रद्द. बेटावरून उडणाऱ्या छोट्या विमानांतल्या जागा केव्हाच संपलेल्या असतात. मुंबईचं तिकीट वाया जाणार, शिवाय शेंगेन व्हिसावर राहण्याचे दिवसही मोजून दिलेले.

यात बोट कंपनीचा दोष नाही आणि प्रवाशाचं नशीबही वाईट नाही. एजियन समुद्रात उन्हाळ्यात असे दिवस दरवर्षी येतात. म्हणूनच ग्रीसच्या बेटांची सहल आखताना हॉटेलच्या आधी वाऱ्याचा विचार करावा लागतो.

हा वारा येतो कुठून?

या उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘मेल्टेमी’ म्हणतात. त्याचा जोर सर्वात जास्त असतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात. गंमत अशी की हा वारा वाहताना आकाश निरभ्र असतं. लख्ख ऊन पडलेलं असताना बोटी बंद का, हे नवख्या माणसाला कळतच नाही.

उन्हाळ्यात बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त असतो आणि तापलेल्या तुर्कस्तानवर कमी. या दोन्हींच्या मधून हवा एजियन समुद्रावर वेगाने घुसते. तुर्कस्तानवरचा हा कमी दाब म्हणजे आपल्याकडे मान्सून खेचून आणणाऱ्या विस्तीर्ण कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक मानलं जातं. म्हणजे कोकणात पाऊस आणणारी आणि नॅक्सोसची बोट अडवणारी यंत्रणा एकमेकींशी जोडलेली आहे. प्राचीन ग्रीक लोक या वाऱ्यांना ‘दरवर्षी येणारे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

बोट थांबवण्याचा निर्णय कोणाचा?

तो कप्तानाच्या मर्जीवर सोडलेला नाही. हवामान खात्याच्या अंदाजावरून तटरक्षक दलाचे बंदर अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट या मापात मोजतात. ८ ब्यूफोर्ट म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरचा वारा. साधारणपणे याच्या आसपास मोठ्या बोटींवरही बंदी येऊ लागते. लहान आणि वेगवान बोटी त्याआधीच थांबवल्या जातात.

मुंबईकरांना हे लगेच समजेल. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोठी रो-रो बोट हवामान पाहून सुरू असते. एजियनमध्येही तसंच आहे.

वेगवान बोट घ्यावी की मोठी?

पिरेअसहून सँटोरिनीला मोठी, पारंपरिक बोट साधारण आठ तास घेते, तर वेगवान बोट पाच तासांच्या आसपास. वेळ वाचतो म्हणून बहुतेक जण वेगवान बोट निवडतात, पण तिचं तिकीट बरंच महाग असतं. अशा अनेक बोटींत मोकळ्या डेकवर उभं राहता येत नाही. लाटा उसळल्या की ती जास्त हलते, त्यामुळे मळमळीचा त्रास असणाऱ्यांचे हाल होतात.

मोठ्या बोटीत डेकवर बसून समुद्र बघता येतो, खायची सोय असते आणि वाऱ्यातही ती निघण्याची शक्यता जास्त असते. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर मोठी बोटच बरी.

कोणत्या बंदरातून निघायचं?

अथेन्सजवळ तीन बंदरं आहेत. पिरेअस सर्वात मोठं, तिथून सर्वाधिक बेटांना बोटी जातात. २०२२ पासून विमानतळावरून मेट्रोच्या ३ क्रमांकाच्या मार्गाने थेट पिरेअसला पोहोचता येतं, साधारण तासाभरात. राफिना विमानतळाला जवळ आहे. अँड्रोस, टिनोस, मायकोनोस या बेटांसाठी ते सोयीचं. लाव्रियो बंदर प्रामुख्याने केआ आणि किथनोस या जवळच्या बेटांसाठी.

पिरेअसमध्ये एक चूक हमखास होते. मेट्रोतून उतरलं की बंदर समोर दिसतं, म्हणून लोक सुटण्याच्या वीस मिनिटं आधी पोहोचतात. पण या बंदराला ई-१ ते ई-१२ अशी दारं आहेत आणि काही दारं स्टेशनपासून बरीच लांब आहेत. आपली बोट कोणत्या दारातून सुटते ते आदल्या दिवशी तपासा आणि किमान तासभर आधी पोहोचा.

उतरतानाही तयारी लागते. बेटावर बोट पाठ फिरवून धक्क्याला लागते, मागची फळी खाली येते आणि काही मिनिटांत बोट पुढे निघते. आपल्या बेटाची घोषणा झाली की सामान घेऊन खालच्या, गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं.

सहल कशी आखायची?

पहिला नियम : शेवटची रात्र अथेन्समध्येच. बेटावरून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांत किमान एक मोकळा दिवस ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन ठेवले तर आणखी चांगलं.

दुसरा नियम : लांबचं बेट आधी, जवळचं शेवटी. उदाहरणार्थ, अथेन्सहून सँटोरिनीला विमानाने जा. मग बोटीने नॅक्सोस आणि शेवटी पारोस किंवा सिरोस. पारोसहून पिरेअसला जाणाऱ्या बोटी जास्त असतात, त्यामुळे एक चुकली तरी दुसरी मिळण्याची आशा असते.

तिसरा नियम : आठ दिवसांत दोन, फार तर तीन बेटं. बोटीचा प्रत्येक टप्पा अर्धा दिवस खातो आणि वाऱ्यात अडकण्याची एक संधी वाढवतो.

चौथा नियम : तारखा बघा. १५ ऑगस्ट हा ग्रीसमध्ये माता मेरीचा मोठा सण असतो. त्या सुमारास बोटी भरून जातात, विशेषतः टिनोसच्या. १ मे रोजी खलाशांचा संप होण्याची शक्यता असते. जून किंवा सप्टेंबरमध्ये गर्दीही कमी आणि वाऱ्याचा जोरही तुलनेने कमी. हिवाळ्यात वादळं वेगळी असतात, शिवाय अनेक वेगवान बोटी बंद असतात.

तिकीट काढताना परदेशात चालणारा मोबाईल नंबर द्या. बोट रद्द झाल्याचा निरोप त्यावरच येतो.

बोट रद्द झालीच तर काय मिळतं?

युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानुसार बोट रद्द झाली किंवा दीड तासाहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर प्रवाशाला दोन पर्याय मिळतात : तिकिटाचे पैसे परत किंवा पुढच्या संधीला त्याच ठिकाणचा प्रवास. पण कारण धोकादायक हवामान असेल, तर हॉटेलचा खर्च आणि नुकसानभरपाई देण्याचं बंधन कंपनीवर नाही. चुकलेल्या विमानाचे पैसे तर बोट कंपनीकडून मिळतील, असं मुळीच धरू नका. प्रवास विमा घेताना त्यात चुकलेल्या जोडप्रवासाची भरपाई आहे का, हे वाचून घ्या.

बंदीचा राग येतो, पण...

२६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ ही बोट जोरदार वाऱ्यात पारोसजवळच्या खडकांवर आदळून बुडाली. ८० हून अधिक माणसं गेली. मुख्य दोष खलाशांच्या निष्काळजीपणाचा होता. पण उसळलेल्या समुद्रात किनारा डोळ्यांसमोर असूनही माणसांना वाचवणं किती अवघड असतं, हे त्या रात्री दिसलं.

त्यामुळे बंदीचा मेसेज आला तर बंदरावर वाद घालण्यात अर्थ नाही. हातात मोकळा दिवस असेल, तर तोच मेसेज म्हणजे बेटावर आणखी एक रात्र. नसेल, तर चुकलेलं विमान. तो एक दिवस मात्र घरून निघण्याआधीच ठेवावा लागतो.