सागरी जलजीवालयातील तापक

घरगुती जलजीवालयातील (मत्स्यालयातील) खारे पाणी त्यातील सजीवांना मानवेल अशा ठराविक तापमानास राखण्यासाठी वापरण्यात येणारे विद्युत् उपकरण. पाण्यात बुडवून ठेवावयाचा तापक आणि त्याचा विद्युत् प्रवाह आपोआप चालू-बंद करणारा तापनियंत्रक ही त्याची दोन मुख्य अंगे होत. तापक निवडताना तो पाणी पुरेसे तापवील की नाही एवढेच सामान्यतः पाहिले जाते. तथापि तापनियंत्रक बिघडून तापक अखंड चालू राहिला, तर पाणी किती तापेल हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. तापकाची शक्ती, संख्या व जागा या तिन्ही गोष्टी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवावयाच्या असतात.

जलजीवालये पाळण्याची प्रथा यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानातील सार्वजनिक जलजीवालय १८५३ मध्ये सुरू झाले. विजेचा वापर घरोघरी सुरू होण्यापूर्वी उष्ण कटिबंधातील मासे पाळणारे काही हौशी लोक टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून त्याखाली दिव्याची किंवा वायूची ज्योत ठेवीत. ज्योतीवर सतत लक्ष ठेवावे लागे. विद्युत् तापक व तापनियंत्रक यांची जोड मिळाल्यावर हे काम यंत्राकडे गेले. मात्र यंत्र चुकण्याचा धोकाही त्याबरोबरच आला.

तापमानाची आवश्यकता : मासे व अपृष्ठवंशी सागरी प्राणी यांच्या शरीराचे तापमान बहुधा भोवतालच्या पाण्याइतकेच असते. पाणी थंड झाले की त्यांचे पचन, श्वसन व हालचाल मंदावते. तापले की या क्रिया वेगाने होऊन ऑक्सिजनाची गरज वाढते. याच वेळी पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनाचे प्रमाण मात्र घटते. नेहमीच्या लवणतेच्या समुद्राच्या पाण्यात २५° से. तापमानास एका लिटरमध्ये सु. ६.७ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३०° से. तापमानास सु. ६.२ मिग्रॅ. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात हे प्रमाण अधिक असते. म्हणून सागरी जलजीवालयात अतितापनाचा परिणाम लवकर जाणवतो.

प्रवाळभित्तीतील मासे व इतर प्राणी यांना साधारणपणे २४° ते २७° से. तापमान मानवते. नेमका आकडा कोणता यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे असते. दिवसरात्रीच्या तापमानांत एका अंशाहून अधिक फरक पडू देऊ नये. प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले त्यांना अन्न पुरवितात. पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल मर्यादेपेक्षा केवळ एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी ही शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपसह हिंदी महासागरातील अनेक प्रवाळभित्तींवर अशी आपत्ती ओढवली होती. विस्तीर्ण समुद्रात हे बदल हळूहळू होतात. लहान टाकीत ते काही तासांत होऊ शकतात.

उष्णतेचा हिशोब : समुद्राच्या पाण्याची विशिष्ट उष्णता गोड्या पाण्यापेक्षा किंचित कमी असली, तरी त्याची घनता जास्त असल्यामुळे दोहोंच्या समान घनफळास तापविण्यास जवळजवळ सारखीच उष्णता लागते. उदाहरणार्थ, १०० सेंमी. लांब, ५० सेंमी. रुंद व ४० सेंमी. खोल टाकीत सु. २०० लिटर पाणी मावते. त्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास सु. ८२० किलोज्यूल उष्णता लागते. काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे मानल्यास २०० वॉट शक्तीचा तापक हे काम सु. ६८ मिनिटांत करील.

प्रत्यक्षात काचेतून व पृष्ठभागावरून उष्णता सतत बाहेर जात असते. वर झाकण असलेल्या अशा टाकीतून, पाणी व खोलीतील हवा यांच्या तापमानांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, अंदाजे १५ वॉट उष्णता बाहेर जाते. बाष्पीभवनाचा यात मोठा वाटा असतो. दिवसाकाठी एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर सरासरी २८ वॉट उष्णता तिच्याबरोबर जाते. म्हणून उघड्या टाकीस अधिक शक्तीचा तापक लागतो. याउलट, पाण्यातील पंपाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपात पाण्यास मिळते; ती तापकाच्या गरजेतून वजा करावी.

ही गरज अनुभवानेही काढता येते. सजीव सोडण्यापूर्वी, थंड रात्री पंप चालू ठेवून तापक दोन तास बंद करावा व तापमान किती उतरते ते पहावे. वरील टाकीत ते ०.९° से. ने उतरल्यास सु. १०० वॉट शक्ती लागते असे समजावे.

शक्ती व संख्या : लिटरमागे अर्धा ते एक वॉट हा प्रचलित नियम स्थूल अंदाजापुरता ठीक आहे, पण खोली किती थंड होते हे तो विचारात घेत नाही. वरील टाकीचे पाणी २६° से. तापमानास राखावयाचे आहे आणि खोलीचे तापमान रात्री १८° से. पर्यंत उतरते असे समजू. फरक ८° चा असल्याने १२० वॉट उष्णता बाहेर जाईल. पंपाकडून २० वॉट मिळत असल्यास तापकाकडून १०० वॉट हवे. येथे २०० वॉट शक्तीचा एकच तापक लावला आणि त्याचा तापनियंत्रक चालू स्थितीत अडकला, तर पाणी खोलीपेक्षा सु. १४.७° से. ने अधिक, म्हणजे जवळजवळ ३३° से. पर्यंत तापेल. एवढ्या तापमानात बहुतेक प्राणी जगणार नाहीत. उलट, हाच तापक बंद स्थितीत बिघडला, तर पाणी १९° से. च्या आसपास येऊन ठेपेल.

त्याऐवजी प्रत्येकी ७५ वॉट शक्तीचे, स्वतंत्र तापनियंत्रक असलेले दोन तापक लावल्यास यांपैकी एक चालूच राहिला तरी दुसरा तेवढे कमी काम करील आणि तापमान २६° से. वरच राहील. एक पूर्ण बंद पडला, तरी पाणी २४° से. पेक्षा खाली जाणार नाही. म्हणून एका मोठ्या तापकापेक्षा बेताच्या शक्तीचे दोन लहान तापक केव्हाही श्रेयस्कर ठरतात. खोलीचे तापमान मात्र २८° से. असताना ७५ वॉट शक्तीचा एक तापक अडकून राहिला, तरी पाणी ३४° से. च्या वर जाऊ शकते. यास्तव उन्हाळ्यात तापकांची वीज पूर्णपणे तोडून ठेवावी. त्याशिवाय ठराविक कमाल तापमानास दोन्ही तापकांचा प्रवाह तोडणारा वेगळा नियंत्रक जोडावा.

प्रकार : सर्वसाधारण तापकात चिनी मातीच्या गाभ्यावर गुंडाळलेली निक्रोमची तार उष्णतारोधी काचेच्या बंद नळीत बसविलेली असते. जुन्या पद्धतीच्या तापनियंत्रकात दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. तापमानानुसार ती वाकते आणि मंडल जोडते किंवा तोडते. दर वेळी स्पर्शबिंदूंवर बारीक ठिणगी पडत असल्याने ते कालांतराने एकमेकांना चिकटतात आणि तापक बंद होईनासा होतो. इलेक्ट्रॉनीय नियंत्रक अधिक अचूक असतात. पण तेही अभंग नसतात. काचेची नळी फुटण्याचा धोका टाळण्यासाठी टिटॅनियमच्या नळीचे तापक वापरतात. खाऱ्या पाण्यात हा धातू गंजत नाही. अगंज पोलाद मात्र पाण्यातील क्लोराइडांमुळे ठिकठिकाणी खड्डे पडून खराब होते, म्हणून ते टाळावे. ज्या तापकाचे डोके पाण्याबाहेर ठेवावे लागते, त्यापेक्षा पूर्णपणे बुडणारा तापक सोईस्कर होय.

जागा : तापक नेहमी वाहत्या पाण्यात असावा. खडकांमागील साचलेल्या पाण्यात ठेवल्यास तेथील पाणी लवकर तापून तापनियंत्रक प्रवाह तोडतो आणि उरलेली टाकी थंडच राहते. पंपाच्या किंवा गाळणीच्या प्रवाहाजवळ, निर्मात्याने मुभा दिली असल्यास तळाशी आडवा तापक लावणे चांगले. तापलेले पाणी वर चढून सर्वत्र मिसळते आणि पाण्याची पातळी घटली तरी नळी उघडी पडत नाही. तापक वाळूत पुरू नये. तसेच तो काच, ॲक्रिलिक किंवा खडक यांना टेकू देऊ नये. दोन तापक टाकीच्या दोन टोकांना ठेवावेत आणि तापमापक त्यांच्यापासून दूर असावा. समुद्रफूल व समुद्री साळ यांसारखे प्राणी तापकाला चिकटून भाजतात, म्हणून त्याभोवती प्लॅस्टिकची जाळी बसवावी.

मुख्य टाकीखाली वेगळी टाकी असल्यास तापक तीत ठेवण्याची पद्धत आहे. अशा रचनेत बाष्पीभवनामुळे होणारी पाण्याची घट पंपाच्या कप्प्यात दिसते, म्हणून तापक तेथे न ठेवता कायम पातळीच्या कप्प्यात ठेवावा. नियंत्रकाचा संवेदकही तापक असलेल्या टाकीतच हवा. तो वरच्या टाकीत असून पंप थांबला, तर वरचे पाणी थंड होत जाते आणि खालचा तापक अखंड चालू राहतो. संवेदक निसटून पाण्याबाहेर पडला तरी हाच अनर्थ होतो. तो पक्का बांधावा.

सुरक्षितता व देखभाल : खारे पाणी विजेचे उत्तम संवाहक असून त्याचे तुषार वाळून तारा व जोडण्या यांवर मिठाचा थर साचतो. तार जोडणीच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडणीत शिरत नाही. मंडलास भूसंपर्क द्यावा आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खंडक बसवावा. पाणी बदलताना तापक आधी बंद करावा व पंधरा मिनिटे निवू द्यावा; तापलेली काच हवेत उघडी पडून पुन्हा पाण्यात बुडाल्यास तडकते. नवे पाणी टाकीतील तापमानास आणूनच ओतावे. तापनियंत्रकावरील आकड्यांत एखाद्या अंशाची चूक असू शकते, म्हणून स्वतंत्र तापमापकाने ते रोज पडताळावे. नळीत बाष्प दिसताच तापक बदलावा.

महाराष्ट्रातील परिस्थिती : जानेवारीतील सरासरी किमान तापमान मुंबईत सु. १७° से., तर पुण्यात त्याहून पुष्कळच कमी असते. कोकण किनाऱ्यावरील बंद खोलीत त्यामुळे तापकाची गरज वर्षातील थोड्याच रात्री भासते. वातानुकूलित खोलीत मात्र ती बारमाही असू शकते. देशावर व विदर्भात हिवाळ्यात तापक आवश्यक ठरतो, पण उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणे हीच तेथील खरी अडचण असते. वीज गेल्यावर वरील उदाहरणातील टाकी थंड रात्री तासाला सु. अर्धा अंश उतरते. अशा वेळी टाकीभोवती थर्मोकोलचे तक्ते किंवा घोंगडी लावून उष्णता राखता येते. पाण्यात हवा खेळती ठेवण्यासाठी विजेरीवर चालणारा वायुपंप जवळ असणे इष्ट असते.