लॉटरीचं तिकीट देव्हाऱ्यात ठेवू नका

उज्जैनला गोपाळ मंदिराच्या मागच्या बोळात आमचं जुनं घर आहे. भाऊबीजेला जळगावहून मामा यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीत केळ्याचे वेफर्स, भरिताची वांगी आणि महाराष्ट्र राज्य लॉटरीचं दिवाळी बंपरचं एक तिकीट ठरलेलं असायचं. काकू त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवायची. एका वर्षी सोडत होऊन गेली आणि निकाल बघायची आठवण कुणालाच राहिली नाही. पौषात देव्हारा आवरताना तिकीट हाती लागलं. निरांजनातलं तेल झिरपून कागद पारदर्शक झाला होता आणि क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर कुंकवाचा डाग बसला होता. मामांनी पाठवलेल्या निकालाच्या कात्रणात शेवटच्या चार आकड्यांवर एक लहानसं बक्षीस होतं. त्यातले पहिले दोन आकडे आमच्या तिकिटाशी जुळत होते. पुढचे दोन कुणालाच वाचता आले नाहीत.

रक्कम फार मोठी नव्हती. पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली: लॉटरीचं तिकीट म्हणजे प्रसाद नव्हे, तो एक कागद आहे. धनादेश किंवा मुदतठेवीची पावती जशी सांभाळतो, तसाच तो सांभाळायचा असतो. घेण्यापासून बक्षीस खात्यात येईपर्यंत त्या कागदाचं काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

हे तिकीट कुणाचं?

आपल्या देशात सरकारी लॉटरीची सुरुवात केरळने 1967 साली केली. पाठोपाठ 12 एप्रिल 1969 ला महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली. मुंबईत तेव्हा मटका फोफावला होता. लोकांना त्यापासून वळवावं आणि नशीब अजमावायचंच असेल तर त्यातला पैसा राज्याच्या तिजोरीत यावा, हा त्यामागचा हेतू.

राज्यघटनेत सरकारी लॉटरी हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे. म्हणून संसदेने 1998 मध्ये लॉटरी विनियमन कायदा केला. त्यातल्या अटी साध्या आहेत आणि प्रत्येक तिकीट घेणाऱ्याने त्या लक्षात ठेवाव्यात. तिकीट राज्य सरकारनेच छापायचं, त्यावर राज्याचं बोधचिन्ह हवं. सोडत सरकारनेच काढायची आणि ती त्या राज्याच्या हद्दीतच व्हायला हवी. बंपर सोडती वर्षात सहापेक्षा जास्त नाहीत. नुसत्या एका आकड्यावर बक्षीस ठेवायला मनाई आहे, कारण एका आकड्याचा खेळ हाच मटका.

उज्जैनच्या बाजारात हे तिकीट का मिळत नाही, याचं उत्तरही याच कायद्यात आहे. दुसऱ्या राज्याची लॉटरी आपल्या हद्दीत विकू द्यायची की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवू शकतं. म्हणून आमच्यासारख्यांनी तिकीट घ्यायचं ते महाराष्ट्रात गेल्यावर, गाळ्यावर उभं राहून, स्वतःच्या हाताने. ‘घरपोच पाठवतो, आधी पैसे टाका’ म्हणणाऱ्याकडून कधीच घेऊ नये.

तिकीट हातात आल्यावर

तिकिटावर चार गोष्टी बघायच्या: सोडतीचं नाव, सोडतीची तारीख, मालिका आणि क्रमांक. मालिका म्हणजे क्रमांकाच्या आधीची अक्षरं किंवा आकडे. एकच क्रमांक अनेक मालिकांत असतो. मोठ्या बक्षिसाला मालिका आणि क्रमांक दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात, तर लहान बक्षिसं बहुधा शेवटच्या काही आकड्यांवरच लागतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे कुणी उगाच नाचतं आणि कुणी लागलेलं तिकीट टाकून देतं.

मग तिकीट उलटायचं. मागे बारीक अक्षरांत अटी असतात आणि बक्षीस मागायची मुदतही तिथेच सापडते. त्याच जागी लगेच पेनने आपलं नाव, पत्ता लिहून सही करायची. हे तिकीट मुळात ज्याच्या हातात त्याचं. हरवलं आणि दुसऱ्याला सापडलं, तर आपली सही हाच आपला पुरावा. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा, पण तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तिकीट लॅमिनेट करू नये, टाचणी लावू नये, बारकोडवर घडी पाडू नये.

पाच मित्रांनी वर्गणी काढून तिकीट घेतलं असेल, तर सोडतीच्या आधीच कुणाचे किती पैसे हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. बक्षीस लागल्यावर कागद करायला बसलं की मैत्री तुटते.

शक्यताही नीट समजून घ्यावी. समजा, एका सोडतीत दहा मालिका आहेत आणि प्रत्येकीत एक लाख तिकिटं. पहिलं बक्षीस एकच, म्हणजे दहा लाखांत एक. 2011 च्या जनगणनेत उज्जैन शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती. अशी दोन उज्जैन शहरं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातून डोळे मिटून एकच माणूस निवडा. तो माणूस आपण असण्याची जितकी शक्यता, तितकीच पहिल्या बक्षिसाची. शिवाय तिकिटांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. म्हणून तिकिटाचे पैसे हे खर्चाच्या खात्यात लिहावेत, बचतीच्या खात्यात नाही.

बक्षीस मागताना

निकाल लॉटरी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत येतो. विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या निकालावर थांबू नये; छापील यादी स्वतः बघावी आणि शेजारी दुसऱ्या कुणालातरी बसवून आकडा न आकडा पुन्हा वाचून घ्यावा.

दहा हजार रुपयांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडून मिळतं. त्यावरची रक्कम असेल, तर दावा नवी मुंबईत वाशीच्या लॉटरी कार्यालयाकडे करावा लागतो. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज, मूळ तिकीट, पॅन, आधार, छायाचित्रं आणि आपल्या नावावरच्या बँक खात्याचा तपशील तयार ठेवायचा. तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं हवं. आमच्याकडे माळव्यातल्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा: आधारवर ‘राव’ लागलेलं, पॅनवर गाळलेलं, बँकेत आडनाव आधी. हे आधीच दुरुस्त करून घेतलेलं बरं.

उज्जैनच्या माणसाने मोठ्या रकमेचं तिकीट शक्यतो स्वतः घेऊन जावं. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई सेंट्रल. तिथून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बरची लोकल वाशीला नेते. तिकीट जमा केलं की पोच घ्यायची, त्यावर तारीख आणि शिक्का बघूनच उठायचं. पोस्टाने पाठवणं भागच असेल तर स्पीड पोस्टनेच पाठवावं आणि पावती जपून ठेवावी.

मुदतीबाबत हयगय चालत नाही. ठरलेल्या काळात न मागितलेलं बक्षीस राज्य सरकारचं होतं, असं 1998 चा कायदाच सांगतो. ही मुदत राज्याराज्यांत वेगळी असते. केरळमध्ये तर साधारण तीस दिवसांतच तिकीट जमा करावं लागतं. म्हणून दुसऱ्याकडे ऐकलेल्या मुदतीवर न विसंबता आपल्या तिकिटामागची वाचावी.

कर किती जातो?

लॉटरीच्या उत्पन्नावर सरळ 30 टक्के आयकर आहे. दहा हजारांवरच्या बक्षिसातून तो आधीच कापून घेतात. वर 4 टक्के उपकर धरला की हिशेब 31.2 टक्क्यांवर जातो.

दहा लाखांचं बक्षीस लागलं असं धरू. तीन लाख कापून सात लाख खात्यात येतील. विवरणपत्र भरताना उपकराचे आणखी 12 हजार द्यावे लागतील. म्हणजे हाती उरले 6 लाख 88 हजार. एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं तर अधिभारही लागतो. आणि इथेच पुष्कळांची चूक होते: ज्यांचं एरवीचं उत्पन्न करपात्र नाही, त्या गृहिणीला किंवा निवृत्त शिक्षकालाही या रकमेवर पूर्ण कर बसतो. मूळ सवलत लागू होत नाही, वर्षानुवर्षं घेतलेल्या न लागलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि विवरणपत्र भरावंच.

जर्मनीतल्या भाचीचा प्रश्न

उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांतली मुलं आता जर्मनीत शिकायला, नोकरीला असतात. माझ्या भाचीने तिथून विचारलं, ‘मामा, तुमच्या नावाने इथलं एक तिकीट काढू का?’ तिथेही लॉटरी राज्यांचीच आहे. सोळा राज्यांच्या सोळा लॉटरी कंपन्या मिळून ‘49 पैकी 6’ हा खेळ चालवतात. त्याची पहिली सोडत 9 ऑक्टोबर 1955 ला हांबुर्गमध्ये झाली. अठरा वर्षांखालच्यांना मनाई आहे. बक्षीस तिथे करमुक्त असतं आणि मागायला साधारण तीन वर्षं मिळतात. पण सर्वांत मोठं बक्षीस लागायची शक्यता जवळपास 14 कोटींत एक. 2011 च्या जनगणनेतल्या सगळ्या महाराष्ट्राहून मोठी गर्दी ती!

तिला मी नाही म्हणालो, कारण परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्याने लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवणं निषिद्ध आहे. ती तिथे राहते, तिने तिथल्या नियमाने खेळावं. मी उज्जैनमध्ये बसून त्यात पैसे घालू शकत नाही. जर्मनीची, स्पेनची लॉटरी मोबाइलवर विकणारी संकेतस्थळं दिसतात, त्यांच्या वाटेला याच कारणाने जाऊ नये.

तिकीट नाही, तर बक्षीस नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने 25 लाख लागल्याचे निरोप वर्षानुवर्षं फिरत आहेत. मग कर म्हणून, कागदपत्रांसाठी म्हणून आधी थोडे, मग आणखी पैसे मागतात. वर सांगितलेली रीत आठवली तर ही फसवणूक लगेच ओळखू येते. खरी लॉटरी कर बक्षिसातून कापते, आपल्याकडे मागत नाही. आणि जे तिकीट आपण घेतलंच नाही ते लागेल कसं? पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावं.

सट्ट्याचंही तसंच. 2024 च्या जूनमध्ये उज्जैन पोलिसांनी क्रिकेट सट्ट्यावरच्या छाप्यात चौदा कोटींहून अधिक रोकड पकडली. तो पैसा कुणाच्या ना कुणाच्या घरातूनच गेला होता.

या शहराला ही ओढ नवी नाही. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ इथेच, उज्जयिनीत घडतं. त्यातला संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि रिकाम्या देवळात मूर्ती बनून उभा राहतो. मागावर आलेले लोक त्याच्यासमोरच फासे टाकायला बसतात. त्याला राहवत नाही, तो पुढे होतो आणि सापडतो. शेवटी वसंतसेना आपलं कंकण देऊन त्याला सोडवते. प्रत्येकाच्या आयुष्यात वसंतसेना नसते, म्हणून आपली मर्यादा आपणच आखून घ्यावी.

आमच्या घरात ती अशी आखली आहे. वर्षातून एक तिकीट, तेही कुणी महाराष्ट्रात गेलं तर. आल्या दिवशी मागे सही करून ते विम्याच्या पॉलिसींच्या फाइलमध्ये जातं. काकूने यंदा कालनिर्णयवर सोडतीच्या चौकटीत लाल पेनने ‘निकाल’ असं लिहिलं, आणि पुढच्या महिन्याचं पान उलटून मुदतीच्या दिवसाभोवती स्वतःच गोल काढला. देव्हाऱ्यात आता लक्ष्मीच्या तसबिरीमागे काही नसतं.