प्रमाणपत्र मिळाले, वर्गात काय आले?

महाविद्यालयात 'आयसीटी'ची, म्हणजे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाची, कार्यशाळा ठरली की पुढचा क्रम सांगायला ज्योतिषी लागत नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार आणि लांबलेले प्रास्ताविक यांत सकाळचा पहिला तास जातो. मग तज्ज्ञ प्रोजेक्टरवर गूगल क्लासरूम उघडून दाखवतात, त्यानंतर मूडल, त्यानंतर प्रश्नमंजुषा तयार करणारे एखादे अ‍ॅप. गेल्या दोन-तीन वर्षांत चॅटजीपीटीचे सत्रही हटकून असते. शेवटी फीडबॅकचा गूगल फॉर्म येतो. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, म्हणून सगळे भरतात आणि बहुतेक जण 'अतिउत्तम'वर टिचकी मारून मोकळे होतात. सोमवारचा वर्ग मात्र शुक्रवारी होता तसाच असतो. याचे खापर कधी प्राध्यापकांच्या अनास्थेवर फुटते, कधी बंद पडलेल्या प्रोजेक्टरवर. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण खरी गोम कार्यशाळेच्या रचनेत आहे. ती साधनापासून सुरू होते, आणि प्राध्यापक ते साधन घेऊन वर्गात शिरण्याआधीच संपते.

यंत्रे मिळाली की अध्यापन बदलेल, ही समजूत अमेरिकेत आपल्या आधीच तपासून झाली आहे. लॅरी क्युबन यांनी सिलिकॉन व्हॅलीतील शाळा आणि खुद्द स्टॅनफर्ड विद्यापीठ यांचा अभ्यास करून 2001 मध्ये पुस्तक लिहिले. संगणकाच्या माहेरघरातले हे शिक्षक घरी तयारीसाठी, पत्रव्यवहारासाठी आणि संशोधनासाठी संगणक सर्रास वापरत होते, वर्गात मात्र जुन्या पद्धतीनेच शिकवत होते. म्हणजे अडचण बटणे कळण्याची नव्हती. याची दुसरी बाजू हार्वर्डमध्ये दिसते. एरिक मेझर यांनी 1991 पासून तिथे पदार्थविज्ञानाच्या वर्गात वेगळी रीत सुरू केली. भरधाव ट्रक छोट्या मोटारीवर आदळला, तर कोण कोणावर जास्त बल लावेल? बहुतेकांचे मन ट्रककडे झुकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले सारखीच असतात. मेझर असे प्रश्न पडद्यावर दाखवत, प्रत्येकाला आधी स्वतंत्रपणे मत द्यायला लावत. उत्तरे बरीच विभागली गेली की शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगत आणि पुन्हा मत घेत. मत नोंदवायला पुढे 'क्लिकर' नावाची हातात मावणारी यंत्रे आली आणि विद्यापीठांनी ती हौसेने घेतली. मग कॅनडातील नॅथॅनिअल लॅसरी यांनी एका गटाला क्लिकर आणि दुसऱ्याला उत्तराचे अक्षर छापलेले साधे पुठ्ठ्याचे कार्ड देऊन पाहिले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत दोन्ही गटांच्या शिकण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. क्लिकरने शिक्षकाची मोजणी सोपी होते, एवढे खरे. पण विद्यार्थ्याला शिकवतो तो नेमका प्रश्न आणि त्यावरचा वाद. आपल्या कार्यशाळेत क्लिकरसारखे अ‍ॅप दाखवले जाते, आणि ट्रकचा प्रश्न कसा शोधायचा याला वेळच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की आधी साधन तर हाताळता आले पाहिजे, अध्यापनशास्त्र नंतर. पण हाताळणी शिकायला तीन दिवस सभागृहात बसावे लागत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने हे दाखवून दिले आहे. साधारण दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन, आणि पडद्याच्या एका बाजूला फीत तर दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जायचे, अशी त्याची साधी योजना आहे. जे घरबसल्या, आपापल्या वेगाने आणि अडेल तिथे थांबून शिकता येते, त्यासाठी चाळीस-पन्नास प्राध्यापकांना एकत्र बोलावणे ही उधळपट्टीच. एकत्र यायचे ते जे एकट्याने होत नाही त्यासाठी: आपल्या विषयात विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात, ते समव्यावसायिकांबरोबर ठरवण्यासाठी.

कार्यशाळा संपल्यानंतरचे काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकापासून शिक्षक-प्रशिक्षणाचे परिणाम अभ्यासले. व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि सरावही झाला, तरी नवे तंत्र वर्गात नेणारे फारच थोडे निघतात. सहकाऱ्याने नंतर वर्गात येऊन पाहिले आणि त्यावर चर्चा केली, तर मात्र बहुतेक जण नेतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांचे आकडे अंदाजवजा आहेत आणि शाळेतल्या शिक्षकांवरचे आहेत. विद्यापीठातला प्राध्यापक स्वायत्त असतो, त्याच्या तासाला दुसरे कोणी येऊन बसणे त्याला रुचेल का, हा आक्षेप रास्तच आहे. पण पाहणारा वरिष्ठ किंवा तपासणीस नसून त्याच विषयाचा, कार्यशाळेत शेजारी बसलेला सहकारी असेल, आणि पाहिलेले कुठल्याही गोपनीय अहवालात जाणार नसेल, तर निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा सवयीचा आहे.

एवढ्या मोठ्या देशात हे जमायचे कसे? उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे 16 लाख अध्यापक आहेत. पण संख्येच्या सबबीला आपल्याच घरात उत्तर आहे. 2009 मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याखाली आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली अभियांत्रिकी प्राध्यापकांना एका वेळी हजारोंच्या संख्येने शिकवण्याचा प्रकल्प चालवला. व्याख्यान संस्थेच्या पवईतील संकुलातून थेट प्रक्षेपित होई. प्रयोग आणि शंकानिरसन आपापल्या भागातल्या केंद्रावर, आधी पवईत येऊन तयार झालेल्या समन्वयकाच्या देखरेखीखाली. विषय होते उष्मागतिकी, डेटाबेस यांसारखे. म्हणजे आधी विषय, मग तंत्रज्ञान, आणि प्रत्येक केंद्रावर हाताशी एक जाणता माणूस. कार्यशाळा संपल्यावरही तोच समन्वयक त्या परिसरात असतो. पुढची सोबत त्याच्याकडूनच मिळवता येईल.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण हिशेब प्रमाणपत्राचा आहे. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर उभी राहिलेली अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे पुढे मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि 2023 मध्ये मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रे. पाट्या बदलल्या, पण 'कॅस'च्या (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीमच्या) बढतीसाठी लागणारा ओरिएंटेशन-रिफ्रेशरचा कागद तसाच राहिला. टाळेबंदीत तर वेबिनारची प्रमाणपत्रे इतकी स्वस्त झाली की काही जणांनी व्याख्यान न ऐकता प्रश्नमंजुषेच्या लिंकवरच ती मिळवली. प्रमाणपत्राचे आमिष काढले तर कोणी येणारच नाही, हे मात्र मान्य करायला हवे. म्हणून आमिष काढू नये, पुढे ढकलावे. कार्यशाळेनंतर एका सत्रात प्राध्यापकाने एक अवघड घटक नव्या रीतीने शिकवावा. आधी-नंतरची विद्यार्थ्यांची उत्तरे आणि सहकाऱ्याचे टिपण द्यावे, मगच कागद हाती पडावा. टिपणेही खोटी लिहिली जातील, हा आक्षेप येणारच, आणि काही लिहिली जातीलच. पण खोटी उत्तरपत्रिका बनवणे हे 'अतिउत्तम'वर टिचकी मारण्याइतके सोपे नाही. शिवाय अशी रचना केली तर आज जे या हिशेबात कुठेच नाहीत, त्यांनाही जागा होते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कितीतरी तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. त्यांना 'कॅस' नाही आणि भरपगारी ड्यूटी लीव्हही नाही. कार्यशाळेला बसायचे म्हणजे त्या दिवसाच्या तासिकांचे मानधन सोडायचे. सभागृहातल्या तीन दिवसांऐवजी प्रशिक्षण त्यांच्याच तासिकेत, शेजारच्या सहकाऱ्याच्या सोबतीने झाले, तर त्यांना त्यासाठी खिशाला चाट लावून घ्यावी लागणार नाही.