येलदरीची गुरं, तैलरंगात

तैल-अभ्यास : जागेवर, बहुधा एका बैठकीत उरकलेलं छोटं चित्र.

ठिकाण : जिंतूर तालुका, पूर्णाकाठ. धरण १९६८ चं.

गुरं : लाल कंधारी एकरंगी, तांबडी, बर्न्ट सिएन्नाने सुरुवात सोपी. देवणीचे प्रकार तीन : वानेरा (पांढरं अंग, तोंडाच्या बाजू काळ्या), बालंक्या (पांढरा, अंगाखाली काळे ठिपके), शेवरा (अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके). उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी.

काळी जमीन : नुसता काळा नको, अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर.

थर : खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला, वर जवसाच्या तेलाचा. उलट केल्यास तडे.

वाळणं : जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाडाला कितीतरी आठवडे. गुरं मात्र तेवढं थांबत नाहीत.