दोनशे चित्रे आणि एक खिडकी

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा घर बांधणे म्हणजे पायापासून कौलापर्यंत सारे आपणच उभे करणे असा अर्थ होता. हल्ली शहरात घर बांधतो तो बिल्डर. आपल्या वाट्याला उरते ते भिंतींच्या आतले. पण तेवढ्यानेही माणूस कसा जेरीस येतो, याचा अनुभव आम्ही नुकताच घेतला.

आमची पुण्यातली जुनी इमारत पाडून त्या जागी नवी उभी राहिली आणि आम्हांला ६८० चौरस फुटांची जागा मिळाली. घरात माणसे चार. आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. किल्ली हातात पडायला सहा महिने होते, तेव्हापासूनच मुलीने आणि मी सजावटीची चित्रे जमवायला सुरुवात केली. पूर्वी हौशी गृहिणी मासिकांतली चित्रे कापून वहीत चिकटवीत. आता बोट लावले की चित्र मोबाईलमध्ये जाऊन बसते. खळ नको, कात्री नको, त्यामुळे धरबंधही नाही. दसऱ्यापर्यंत आमच्याजवळ २१४ चित्रे झाली होती. स्टाफरूममध्ये मी ती इतक्या उत्साहाने दाखवीत असे की, पुढेपुढे माझ्या हातात फोन दिसला की सहकारी तास असल्याचे सांगून उठू लागले!

पहिला धक्का दिला तो सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी. एका चित्रावर आमचे तिघांचे एकमत झाले होते. लांबलचक सोफा, मध्ये गालिचा, कोपऱ्यात दिवा आणि झाड. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले आणि विचारले, “ताई, ही खोली किती बाय किती?”

मला काय ठाऊक? त्यांनी चित्रातल्या फरश्या मोजायला सुरुवात केली. “फरशी दोन फुटांची धरली, तर ही खोली बावीस फूट लांब आहे. आपला हॉल पंधरा फूट. हा सोफा इथे ठेवला, तर दार उघडायचं कसं?”

चित्रातल्या फरश्या मोजाव्यात, हे एम. ए. होऊन इतकी वर्षे शिकवणाऱ्या मला सुचले नव्हते. मग एका छायाचित्रकार विद्यार्थ्याने बाकीचे शिकवले. अशा चित्रांसाठी रुंद कोनाचे भिंग वापरतात, त्यामुळे लहान खोली प्रशस्त भासते. फोटो काढण्याआधी तारा, स्विचबोर्डाला लोंबणारे चार्जर, औषधांच्या बाटल्या असे सगळे दूर करतात. आणि अलीकडची कितीतरी चित्रे मुळी फोटो नसतातच. ती संगणकावर रचलेली असतात. ती खोली जगाच्या पाठीवर कुठेही नसते! कवितेतला चंद्र आणि आकाशातला चंद्र यांत गल्लत करू नका, असे मी वर्गात दरवर्षी बजावते. इथे मीच फसले होते.

एवढ्यावर शहाणपण आले असते तर बरे. पण राखाडी भिंतीचा मोह सुटला नाही. चित्रात ती भिंत मोत्यासारखी दिसत होती. आम्ही रंगवून घेतली. संध्याकाळी ट्यूब लावली आणि सासूबाई म्हणाल्या, “इथला गिलावा राहिलाय का गं?”

खरोखरच भिंत नुसत्या सिमेंटची दिसत होती. दोष रंगाचा नव्हता, उजेडाचा होता. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ३,००० च्या आसपासचा दिवा पिवळसर, तर ६,५०० चा निळसर पांढरा प्रकाश देतो. राखाडीसारखा रंग ज्या उजेडात असेल त्याचीच छटा घेतो. चित्रातली भिंत दुपारच्या उन्हातली होती, आमची ट्यूबखालची. आधी दोन फूट चौकोनाचा पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहायला हवा होता, असे रंगाऱ्याने सांगितले, पण पैसे घेतल्यानंतर. त्या एका भिंतीचे पैसे आम्ही दोनदा मोजले.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. एके रात्री सासूबाईंनी ती चित्रे पाहायला मागितली. तीसएक पाहिली, आणि फोन परत देत सहज विचारले, “यांच्यात कुणी म्हातारं माणूस नसतं का गं?”

मी गप्प झाले. कारण आमच्या आराखड्यात त्यांची सोय काय होती? हॉलमधला सोफा-कम-बेड. रात्री उलगडायचा, सकाळी पाहुणे यायच्या आत मिटायचा. खाट ठेवली असती, तर चित्रातला तो कोपऱ्यातला दिवा आणि झाड मावत नव्हते. जुनी जागा सासूबाईंच्या नावावर होती, हेही इथे सांगितले पाहिजे. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती, उलट “मला काय, कुठेही चालेल” असेच म्हणत होत्या. घरातली वडील माणसे असे म्हणतात, आणि आपण ते सोयीने खरे मानतो.

त्याच सुमारास ग्रंथालयात कार्ल लार्सन या स्वीडिश चित्रकाराचा चित्रसंग्रह हाती लागला. सुंडबोर्न नावाच्या खेड्यात त्याला आणि त्याच्या पत्नीला, कारीनला, तिच्या वडिलांकडून एक लहानसे घर मिळाले. कारीन स्वतः चित्रकार. तिने त्या घरासाठी कापड विणले, फर्निचरचे नमुने काढले. कार्लने त्या घराची जलरंगातली चित्रे काढली आणि १८९९ साली ती पुस्तकरूपाने आली. स्वीडनमधल्या घरसजावटीवर त्यांचा ठसा अजून आहे. म्हणजे आम्ही जमवलेल्या चित्रांची ही पणजीच म्हणायची. पण केवढा फरक! यांत माणसे आहेत. मुलगी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते आहे. शिक्षा झालेला मुलगा कोपऱ्यात खुर्चीवर फुरंगटून बसला आहे. खुर्ची कुणीतरी बसते म्हणून तिथे आहे. (तिकडच्या घरांतल्या पांढऱ्या भिंती आणि उघड्या खिडक्या लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यासाठी असतात. आपल्याकडे एप्रिलात पडदे ओढून बसावे लागते. हेही नक्कल करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

घरी येऊन मुलीशी बोलले. तिने युक्ती काढली. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य लिहायचे, ‘यातले मला काय हवे आहे?’ वाक्य सुचले नाही, तर चित्र काढून टाकायचे. दोन रविवार गेले आणि २१४ पैकी १९ उरली. गंमत अशी, की त्यांतल्या अकरांत एकच वस्तू होती, ती म्हणजे बसता येईल अशी खिडकी. सोफे, दिवे, गालिचे निरनिराळे. आम्ही इतके महिने खिडकीच जमवीत होतो आणि ते आम्हांला कळले नव्हते.

हे ऐकून सासूबाई उठल्या. ट्रंकेतून एक फोटो घेऊन आल्या. मागे पेन्सिलीने ‘दिवाळी १९८३’ लिहिलेले. जुन्या घराच्या खिडकीतल्या कट्ट्यावर मामंजी वर्तमानपत्र वाचत बसले आहेत, खाली त्या स्वतः तांदूळ निवडताहेत, भिंतीचा पोपडा निघालेला. “हाही ठेव तुमच्यात,” त्या म्हणाल्या.

तो विसावा फोटो. मिस्त्रींना आम्ही तोच दाखवला.

पुढचे काम भराभर झाले. वर्तमानपत्रे सोफ्याच्या, पलंगाच्या मापाची कापून रिकाम्या फरशीवर पसरली आणि त्यांच्यामधून चालून पाहिले. ज्या कागदाला पाय लागला तो बाद. सासूबाईंची खाट नातीच्या खोलीत, भिंतीलगत, कायमची. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीखाली सहा फुटांचा कट्टा. त्याची उंची ठरवायला मिस्त्रींनी सासूबाईंना प्लायच्या फळ्यांच्या चवडीवर बसवले आणि आधार न घेता उठता येईपर्यंत एकेक फळी वाढवली. अठरा इंचांवर त्या उठल्या. पावसाळ्यात खिडकीतून ओल येते, म्हणून वर कडप्पा आणि खाली पाण्याला टिकणारे प्लाय. आत खण, त्यांत फराळाचे डबे. मोठा सोफा अर्थातच गेला. त्यावर आडवे पडून क्रिकेट पाहण्याचा आमच्या ह्यांचा बेत होता. त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

आता सासूबाई सकाळी त्या कट्ट्यावर असतात. परवा त्या चिवड्याचे पोहे चाळत होत्या, शेजारी औषधांचा डबा, चार्जरची तार लोंबते आहे, तेवढ्यात मुलीने फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रूपवर टाकला. ह्यांच्या मावसभावाचाही फ्लॅट तयार होतो आहे. त्याचा लगेच फोन, “वहिनी, तो खिडकीचा फोटो मोठा करून पाठवा ना. आम्हांलाही तसंच करायचंय.”

मी फोटो पाठवला. सोबत मापे लिहिली, आणि कट्ट्याची उंची कुणाला बसवून ठरवली तेही.