ग्रंथपालाच्या डोक्यातली सूची

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात छापील शब्दाला कधी तोटा नव्हता. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. तिचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि मागोमाग ‘स्त्री’, ‘मनोहर’ आली. कृष्णाकाठी औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. भिलवडीचं सार्वजनिक वाचनालय तर जिल्ह्यात नावाजलेलं.

पण अशा भागातल्या गावच्या वाचनालयात पुस्तक सापडतं कसं? दाखल नोंदवहीत क्रमांक असतो, देवघेव रजिस्टरात सभासदाचं नाव. खरी सूची मात्र ग्रंथपालाच्या डोक्यात. ‘वपुंचं काहीतरी द्या’, ‘ते पत्री सरकारवरचं, जाडसं’ एवढ्यावर हात नेमका कपाटाकडे जातो. ग्रंथपाल रजेवर गेला की अर्धं वाचनालय बंद.

ही सूची वेबवर नेणारी साधनं आता फुकट मिळतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली 2000 साल ओलांडणार नव्हती. म्हणून तिथे ‘कोहा’ लिहून घेतलं, जानेवारी 2000मध्ये ते सुरू झालं आणि सगळ्या जगाला मोकळं दिलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसीने 2003मध्ये ‘ई-ग्रंथालय’ आणलं, त्याची चौथी आवृत्ती वेबवरच चालते. वाचकाने घरी मोबाइलवर पाहावं, पुस्तक आहे की बाहेर गेलंय.

साधन मिळालं म्हणजे काम झालं नाही, आणि मराठीत तर नाहीच. संगणकाला ‘वपु’, ‘व. पु. काळे’ आणि ‘काळे, वसंत पुरुषोत्तम’ ही तीन माणसं वाटतात. ती एकच आहेत हे कुणीतरी नोंदीत बांधून द्यावं लागतं. त्याहून मोठी डोकेदुखी फाँटची. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपीसारख्या फाँटांत टंकलेल्या याद्या पडद्यावर छान मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. ‘बनगरवाडी’ शोधा, पुस्तक समोरच्या कपाटात असूनही उत्तर शून्य. अशा याद्या युनिकोडमध्ये आणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. हे किचकट काम तुटपुंज्या मानधनावरच्या माणसाकडून होईल असं आपण गृहीत धरतो, ते मला पटत नाही.

ग्रंथपालांना हे शिकवण्याची पद्धतही तशीच. एक दिवसाची कार्यशाळा, प्रोजेक्टरवर चित्रं, चहा, प्रमाणपत्र. अमेरिकेतल्या शार्लट-मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी 2006मध्ये उलटं केलं. कर्मचाऱ्यांपुढे 23 गोष्टी ठेवल्या: ब्लॉग लिहा, फोटो चढवा, विकीत बदल करा. आपापल्या वेळेत, हवं तसं खेळत. पूर्ण करणाऱ्याला एमपी3 प्लेअर बक्षीस! ही कल्पना पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलली. त्या 23मधली कितीतरी संकेतस्थळं आज विस्मृतीत गेलीत, पण साधनाची भीती मोडली ती मोडलीच.

पलूसला यातलं काय उपयोगी? माझ्या मते, वाचकाला नोंदीत भर घालू देणं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008मध्ये सुमारे 3,000 जुने फोटो फ्लिकरवर ठेवले आणि लोकांना माहिती द्यायला सांगितलं. अनोळखी चेहऱ्यांना नावं मिळाली, जागा ओळखल्या गेल्या. आपल्या पलूस तालुक्यातलं कुंडल ही पत्री सरकारच्या तूफान सेनेची भूमी. जी. डी. बापू लाड आणि साथीदारांनी 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, ती गोष्ट इथे घराघरात आहे. त्या पिढीच्या एखाद्या सामूहिक फोटोतला मागच्या रांगेतला तिसरा कोण, हे पुस्तकात नसतं. एखाद्या आजीला माहीत असतं. ती सांगणार, नातू टंकणार, आणि ग्रंथपाल पडताळून नोंद पक्की करणार. पडताळणी हवीच, नाहीतर प्रत्येक घराण्याचा स्वातंत्र्यसैनिक त्याच फोटोत निघेल.

घाई करायला एक कारण आहे. 2019च्या महापुरात भिलवडी पाण्यात होती, आणि सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. पुस्तक दुसरं मिळवता येतं. पण काय काय होतं, हेच ज्या दाखल नोंदवहीत लिहिलंय, ती बहुतेक ठिकाणी एकुलती एक असते आणि तळमजल्यावर. तिच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून बाहेरगावच्या सर्व्हरवर ठेवायला ना कोहा लागतं ना ई-ग्रंथालय. टंकलेखन सावकाश होऊ दे, हे काम येत्या पावसाळ्याआधी उरकता येईल.