‘मी’ आणि ‘मला’

सुरगाण्याच्या आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीसाठी नाशिकला गेला होता. ‘कॉम्प्युटर येतो का?’ असे इंग्रजीत विचारल्यावर तो उत्साहाने म्हणाला, ‘‘येस सर, आय ॲम नोइंग.’’ समोरची मंडळी हसली. पुढच्या प्रश्नांना त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. गावी आल्यावर त्याने मला एवढेच विचारले, ‘‘सर, माझं चुकलं काय?’’

मी नियम सांगितला. नो, लाइक, वाँट, सी, हिअर ही क्रियापदे सहसा चालू काळात वापरत नाहीत. यादी पाठ कर. मलाही माझ्या गुरुजींनी हेच सांगितले होते. पण असे का, हे मला सांगता येईना.

खरे तर ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘आहे’चे त्याने इमानाने ‘ॲम’ केले होते. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, पण चुकणाऱ्याला हसण्याची खोड काही गेली नाही. २००३ साली मॅकडोनाल्ड्सने ‘लव्ह’ला ‘आयएनजी’ लावून जगभर जाहिरात केली. ते कौतुकाचे ठरले. आमच्या पोराचे मात्र हसे झाले.

उत्तर सापडले ते आपल्याच भाषेत. मी बघतो, पण मला दिसते. मी ऐकतो, पण मला ऐकू येते. पहिले आपण करतो, दुसरे आपल्याला होते. ‘लुकिंग’, ‘लिसनिंग’ चालते. ‘सी’ आणि ‘हिअर’ला ‘आयएनजी’ सहसा रुचत नाही, कारण ती कृती नव्हे, स्थिती. मला आवडते, मला समजते, मला आठवते, मला हवे आहे, सगळ्यांची तीच गत.

अपवादही यात बसतात. ‘मला वाटते’ म्हणजे ‘आय थिंक’. ‘मी विचार करतोय’ म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग’. मला दोन भाऊ आहेत, तिथे ‘आय हॅव’. मी चहा घेतोय, तिथे ‘आय ॲम हॅविंग टी’. ‘मला खोकला येतोय’सारखी वाक्ये ही खूण मोडतात, म्हणून तिला नियम म्हणू नये. पण वाट दाखवायला ती पुरते.

आता वर्गात मी यादी देत नाही. ‘मी की मला?’ एवढेच विचारतो. मागच्या बाकांवरूनही हात वर होतात. त्या मुलाला हे सांगायला मात्र मला उशीर झाला.